वीणेमागून सासवडला

पुण्याहून सासवडला मी दोनदा पायी गेले आहे. दोन्ही वेळा तिथी एकच होती, ज्येष्ठ वद्य एकादशी. त्या दिवशी ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून दिवे घाट चढते. रस्ता तोच आणि अंतरही तेच, बत्तीस किलोमीटरच्या आसपास. पहिल्या वेळी मी पहाटे तीनला घरून एकटी निघाले, पालखीच्या पुष्कळ पुढे राहिले, पाण्यापुरती दोनदा थांबले आणि सकाळी अकराच्या आत सासवड गाठून बोपदेव घाटाने परत घरी जेवायला आले. पाय चांगले आहेत याचा आनंद मला त्या दिवशी झाला होता. परंतु त्या चालण्याला वारीतले चालणे म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही.

दुसरी वेळ आली ती 24 जून 2022 रोजी, शुक्रवारी. भवानी पेठेतल्या आमच्या माहेरच्या घरी परभणी जिल्ह्यातल्या एका दिंडीची सात-आठ माणसे दरवर्षी उतरतात. आईच्या सासूबाईंच्या काळापासून हे चालत आलेले आहे. 2020 आणि 2021 या दोन वर्षी पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि आमच्या ओसरीवर त्या दोन रात्री सतरंज्या घातल्या गेल्या नाहीत. त्यामुळे 2022 साली ती माणसे पुन्हा दारात उभी राहिली तेव्हा आईला बोलताच येईना. तिने नुसते सगळ्यांच्या पायांवर पाणी घातले. निघायच्या आदल्या रात्री मी सहज म्हणाले की उद्या मीही सासवडपर्यंत येते. विणेकरी बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "या की, माउली. पण दिंडीत चालायचं. पुढं पळायचं न्हाई."

दिंडीत चालायचे म्हणजे काय, हे मला पुण्यात जन्म काढूनही ठाऊक नव्हते. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून पालखी पाहणारी माणसे. गर्दी दिसते, टाळ ऐकू येतात, डोळे भरून येतात आणि रथ पुढे गेला की आपण घरी जातो. त्या गर्दीला आतून एक रेखीव बांधणी आहे, हे कडेवरून कळत नाही. सोहळ्यात रथाच्या पुढे सत्तावीस दिंड्या असतात आणि रथाच्या मागे त्यांच्या कितीतरी पट. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, तिची जागा ठरलेली असते आणि ती जागा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जाते. दिंडीच्या आतही तसेच असते. सर्वांत पुढे पताका, मग चार-चारच्या ओळींत टाळकरी, त्यांच्या मधोमध मृदंग, टाळकऱ्यांच्या शेवटी विणेकरी आणि त्याच्या मागे डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया आणि इतर बायका. मला जागा मिळाली ती वीणेच्या मागच्या तिसऱ्या ओळीत, डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींच्या शेजारी. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे असावे. त्यांनी मला नाव विचारले नाही. वारीत त्याची गरज पडत नाही, कारण ज्याला हाक मारायची तो माउली असतो.

पहाटे कर्णा वाजला. सोहळ्यात निघण्याआधी कर्णा तीनदा वाजतो: पहिल्याला सामान आवरायचे, दुसऱ्याला आपापल्या जागी उभे राहायचे आणि तिसऱ्याला पाऊल उचलायचे. पहिल्या कर्ण्याला आमच्या ओसरीवरच्या वळकट्या दिंडीच्या ट्रकमध्ये गेल्या, दुसऱ्याला आजींनी चुंबळ नीट बसवून पितळी तुळशीवृंदावन डोक्यावर घेतले, आणि तिसऱ्याला मी सवयीप्रमाणे लांब टांग टाकली ती थेट पुढच्या बाईच्या टाचेवर. तिने वळून रागाने पाहिले नाही, वाकून माझ्याच पायांना हात लावला. मी ओशाळून मागे सरले, आणि तेव्हापासून दिवसभर मी एकच गोष्ट शिकत राहिले, ती म्हणजे दुसऱ्याच्या पावलाने चालणे.

ते फार अवघड असते. एकट्या माणसाचे पाऊल त्याच्या उंचीवर, सवयीवर आणि मनातल्या घाईवर पडते. दिंडीतले पाऊल टाळावर पडते. सकाळची वाटचाल ठरलेल्या क्रमाच्या अभंगांनी होते. आधी मंगलाचरण, मग काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, शिवाय त्या त्या वाराचे अभंग. यांतल्या प्रत्येकाची चाल निराळी असते आणि चालीसरशी पाऊल आखूड किंवा लांब होते. काकड्याच्या अभंगांत आम्ही इतके हळू चाललो की मला गुडघ्यांमागे ओढ बसू लागली. माझे पोटरीचे स्नायू लांब टांगेला सरावलेले, त्यांना हे थबकत जाणे सोसेना. शिवाय रथ दर काही पावलांवर दर्शनासाठी थांबतो, रथ थांबला की मागची दिंडी थांबते, तिच्या मागची थांबते आणि ही थांबण्याची लाट मैलभर मागे सरकत जाते. थांबलेली दिंडी गप्प मात्र उभी राहत नाही. अभंग जागच्या जागी चालू राहतो, टाळकरी दोन पावले पुढे आणि दोन मागे अशी पावली घालतात, एखाद्या ठिकाणी बायका फुगडी धरतात. भवानी पेठेतून पुलगेटपर्यंत, जिथे मी एरवी पंधरा-वीस मिनिटांत जाते, तिथे यायला दीड तास लागला. मी दोनदा घड्याळ पाहिले. तिसऱ्यांदा मनगट वर केले तेव्हा आजी म्हणाल्या, "कुनी वाट बघतंय का घरी?" मी नाही म्हटले आणि घड्याळ काढून पिशवीत टाकले.

वानवडीला शिंदे छत्रीपाशी पालखी आरतीसाठी थांबते. महादजी शिंदे 1794 साली इथेच वारले आणि ही छत्री त्यांची. पालखीने इथे थांबावे याला मोठा अर्थ आहे असे मला वाटते, कारण या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी होते. परंपरा सांगते की वाटेत लुटारूंनी त्यांना डोंगरात डांबले, तिथे ते हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटका झाल्यावर घरी न जाता आळंदीला माउलींच्या समाधीपाशीच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ही पालखी सुरू केली आणि तिच्या दिंड्यांची मांडणी केली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी त्यांना साथ दिली, म्हणून आजही सोहळ्यातले दोन अश्व शितोळ्यांकडून येतात, आणि त्यांतला एक, ज्यावर कोणीही स्वार बसत नाही, तो माउलींचा. लष्करी शिस्त पाहिलेल्या माणसाने ती भजनाच्या कामी लावली, असे कर्ण्याच्या त्या तीन हाकांत मला पहाटे ऐकू आले होते.

हडपसरला गाडीतळापाशी रस्ता फुटतो. सरळ जातो तो सोलापूर रस्ता, त्यावरून तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते. उजवीकडे वळतो तो सासवड रस्ता. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीत असत आणि 'ज्ञानोबा-तुकाराम' हा जोडजप तेव्हापासूनचा. पुढे पालख्या दोन झाल्या, पण जप एकच राहिला. गाडीतळापाशी मी हे पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते, कारण तिथे उजवीकडे वळणाऱ्या आमच्या दिंडीच्या तोंडी तुकाराम होते आणि सरळ जाणाऱ्या दिंड्यांच्या तोंडी ज्ञानोबा. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला त्यांची पुन्हा गाठ पडते, आणि मधल्या दोन आठवड्यांत बारामती-इंदापूरकडून एक जण आणि लोणंद-फलटणकडून दुसरा असे दोघे एकमेकांचे नाव घेत चालत राहतात.

उरुळी देवाचीपर्यंतचा टप्पा गोदामांचा, धुळीचा आणि डांबराच्या धगीचा आहे. त्या वर्षी पाऊस लांबला होता, आभाळ भरून यायचे आणि तसेच ओसरायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, पाणी, ताक देत उभी होती. इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. एवढ्या मोठ्या वाटेवर खायला देणारे हात पावलोपावली असतात, पण बायकांना आडोशाला जाता येईल अशी जागा मैल-मैल नसते. फिरती शौचालये असतात, तिथे रांगा असतात, पाणी संपलेले असते आणि दिंडी तर पुढे निघालेली असते. माझ्या ओळीतल्या दोन सुना त्या दिवशी सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा पीत नव्हत्या आणि त्याचे कारण एकादशी नव्हते. शहरातून उत्साहाने दान घेऊन येणाऱ्या मंडळींनी लाडवांच्या जोडीला या गोष्टीचाही विचार केला, तर ती या वाटेवरची फार मोठी सेवा ठरेल.

वडकी नाल्यापाशी दुपारचा विसावा होता. दिंडीचा ट्रक आधीच येऊन थांबला होता, माळावर कागद अंथरले होते आणि भगर व दाण्याची आमटी तयार होती. दिंडीत जेवणासाठी भिशी भरतात, मी ती द्यायला गेले तर दिंडीप्रमुखांनी हात जोडले. तुमच्या घरी दोन दिवस जेवलो, ते कुठे लिहून ठेवले का, असे विचारले. पंगत बसली तरी विणेकरी बाबा बसले नाहीत. वीणा जमिनीवर टेकवायची नसते, ती गळ्यात असेपर्यंत माणूस उभा राहतो. त्यांच्या पुतण्याने आपले जेवण आटोपून हात धुतले आणि तो समोर येऊन उभा राहिला. दोघे एकमेकांच्या पाया पडले, पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला आणि मगच बाबा पानावर बसले. मी अगदी जवळून पाहत होते. पट्ट्याच्या कापडाला खांद्यापाशी घामाने काळपट झिलई आली होती, भोपळ्यावर कुठल्या तरी जुन्या तड्यावर पितळी पत्रा ठोकलेला होता आणि तारा छेडणाऱ्या बाबांच्या तर्जनीच्या पेरावर हरभऱ्याएवढा घट्टा होता. पुतण्याचे बोट अजून कोवळे होते.

मी आजींना विचारले की त्या दोन वर्षांत काय केले. त्या भगरीचा घास हातात तसाच धरून म्हणाल्या, "काय करावं, माय. गावच्या देवळात इना उभी ठेवली. दोघं दोघं पाळी करून पहारा द्यायचे, रात्रंदिस. पालखी आळंदीहून निघायच्या दिवशी उचलली ती आषाढीला ठेवली. जायचं न्हवतं कुठं, पर खाली न्हाई ठेवली." मग त्यांनी घास तोंडात घातला आणि मला आणखी आमटी घ्यायला सांगितले. कुलूपबंद गाव, देवळाच्या मंडपात गळ्यात वीणा घेऊन एकटा उभा असलेला माणूस, आणि बाहेर पारावर आपली पाळी यायची वाट पाहणारा दुसरा, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेले नाही. तोवर मी समजत होते की वारीची दोन वर्षे बुडाली.

दिवे घाट मोठा नाही, चार-पाच किलोमीटरची चढण आहे. पण सकाळपासून चाललेल्या आणि उपास असलेल्या माणसाला ती पुरेशी आहे. पहिल्या वेळी पहाटेच्या गारव्यात मी हा घाट न थांबता चढले होते. आता दुपार कलली होती, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, आणि पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपायचे काम चालले होते. आसपासच्या गावांतले शेतकरी आपले बैल घेऊन त्यासाठी थांबलेले असतात. रथाची चाके हलली तसा डोंगराच्या अंगाखांद्यावर बसलेल्या हजारो बघ्यांनी एकदम माउलींचा गजर केला, आणि तो आवाज दरीतून फिरून आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर पुढच्या दिंडीने पाऊल उचलले होते. घाटाचे ते दृश्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे, वळणावळणांचा रस्ता आणि त्यावर पांढरी नदी वाहावी तशी माणसे. ते दृश्य सुंदर आहे यात शंका नाही, पण ते वरून दिसते. आत चालणाऱ्याला समोरच्या बाईच्या पाठीवरचे गाठोडे, तिच्या टाचांच्या भेगा आणि विणेकऱ्याच्या पागोट्याचा शेव एवढेच दिसते, आणि तेवढे पुरते.

चढणीला चाल बदलली. मृदंगवादकाने लय किंचित वाढवली, टाळकऱ्यांनी पट्टीची चाल धरली आणि नुसता 'ज्ञानोबा माउली तुकाराम' हा गजर सुरू झाला. मला वाटत होते की चढावर लय उतरेल, ती चढली. पहिल्या वळणापर्यंत मी धापा टाकत होते, दुसऱ्या वळणावर माझा श्वास टाळाला जुळला, ज्ञानोबा म्हणताना आत आणि तुकाराम म्हणताना बाहेर, आणि त्यानंतर चढ पायांना लागला नाही असे मी म्हणणार नाही, लागला, पण तो एकटीला लागला नाही. पुढचे पाऊल टाकायचे की नाही हा निर्णय माझ्याकडे राहिलाच नव्हता. ओळ चालत होती आणि ओळीत मी होते. एका वळणावर खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसला, उन्हाळ्याने आटून मध्यापर्यंत सरकलेला, भोवती भेगाळलेला काळा गाळ. आजींनी तो पाहिला आणि त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्याकडं बी असंच. पेरन्या थांबल्यात." त्यांच्या घरची सोयाबीन बियाण्याच्या पोत्यातच होती, मुलगा आभाळाकडे बघत बसला होता आणि त्या इथे घाट चढत होत्या.

माथ्यावर वाऱ्याची झुळूक आली. झेंडेवाडीला पुरंदर तालुक्यातली माणसे स्वागताला उभी होती, डावीकडे सोनोरीचा मल्हारगड संध्याकाळच्या उन्हात तांबूस दिसत होता. इथल्या विसाव्यानंतर आजींनी चुंबळीसकट तुळस माझ्या डोक्यावर ठेवली. मी मागितली नव्हती. त्यांनी विचारलेही नाही, फक्त माझी मान दोन्ही हातांनी धरून सरळ केली आणि म्हणाल्या, "खाली बघू नको. पाय आपसूक जातेत."

वृंदावन पितळी होते, आत ओली माती, मंजिऱ्यांनी लवलेले रोप, आणि ते मला वाटले होते त्याहून खूप जड निघाले. चुंबळ जुन्या लुगड्याच्या फडक्याची होती, वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि घामाने मऊ आणि चपटी झालेली. डोक्यावर ओझे असले की लांब टांग टाकताच येत नाही; कंबर स्थिर ठेवून, पाऊल घासत नाही पण उचलतही नाही अशा बेताने आखूड आखूड चालावे लागते. सबंध सकाळभर ज्या चालीशी माझे पाय भांडत होते ती चाल तुळशीने दहा पावलांत बसवून दिली. तेव्हा मला कळले की दिंडीचा वेग मागच्या बायकांच्या डोक्यावरच्या ओझ्याला धरून असतो. टाळकरी तरणे असतात, त्यांना दुप्पट वेगाने जाता येईल. पण विणेकरी मागे आहे आणि त्याच्या मागे तुळस आहे, म्हणून ते पावली घालतात. मी साधारण अर्धा तास चालले असेन. मान लाकडासारखी झाली तेव्हा आजींनी वृंदावन परत घेतले, रोपाला ओंजळभर पाणी घातले आणि त्या पुढे झाल्या. त्यांचे सत्तरीचे पाय आणि तो दिवसभराचा भार यांचा हिशेब मी मनात करू लागले आणि मग सोडून दिला.

सासवड सोपानकाकांचे गाव. ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाची समाधी इथे कऱ्हेकाठी आहे आणि त्यांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. थोरल्या भावाची पालखी धाकट्याच्या गावी दोन रात्री राहते. हरिपाठ म्हणत आम्ही तळावर पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता. पालखी तंबूपाशी आली, सगळ्या दिंड्या तिच्या भोवती गोल उभ्या राहिल्या, आणि हजारो टाळ एकाच वेळी इतक्या जोरात वाजत होते की शेजारच्याचा आवाज कानाशी येईना. मग चोपदाराने चांदीचा दंड वर केला.

आवाज तुटला. हळूहळू कमी झाला नाही, तुटला. एवढ्या माणसांची शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. ट्रकच्या इंजिनाची दूरची घरघर आणि कुठल्या तरी राहुटीत रडणारे मूल ऐकू येऊ लागले. आणि त्या शांततेत, पलीकडच्या बाजूला, एका दिंडीचे टाळ चालूच राहिले. मला वाटले त्यांना दंड दिसला नसेल. आजींनी माझ्या कानाशी सांगितले की तसे नाही, त्यांची काही तक्रार आहे. ज्या दिंडीवर दिवसभरात अन्याय झाला ती आरतीच्या वेळी टाळ थांबवत नाही, हा रिवाज आहे. चोपदार तिकडे गेला, बोलणे झाले. घाटात गर्दीच्या रेट्यात मागच्या दिंडीने यांची जागा घेतली होती, असे ओळींमधून आमच्यापर्यंत आले. सगळा समाज उभा होता आणि एका दिंडीचे म्हणणे संपेपर्यंत कोणी हललेसुद्धा नाही. मग ते टाळही थांबले. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची पुकार झाली: एक चष्मा सापडला आहे, किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे, निळ्या पिशवीत औषधाच्या गोळ्या आहेत, अमुक गावच्या एक म्हाताऱ्या बाई आपली दिंडी चुकल्या आहेत, त्या इथे रथापाशी बसल्या आहेत. प्रत्येक वस्तू सावकाश, दोनदा सांगितली गेली. मग आरती झाली.

त्या रात्री मी घरी परतले नाही. राहुटीत आजींच्या शेजारी जागा झाली, आमच्या डोक्याशी तुळस आणि राहुटीच्या दाराशी, काठीला टेकून, पुतण्या वीणा गळ्यात घेऊन उभा. सासवडला दुसऱ्या दिवशी मुक्काम आहे तेव्हा सकाळी उशिरा उठायला हरकत नसेल, असे मी पाय चोळत म्हणाले. आजींनी लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि कुशीवर वळल्या.

"झोप आता, माय," त्या म्हणाल्या. "टँकर तीनला येतो. बाप्ये उठायच्या आत आंघोळ उरकायची."